तांदूळ कशाला पाहिजे?

मला फसवणं अवघड आहे, असं आमच्या गडहिंग्लजातले सगळे किराणा दुकानदार मानतात, आणि ते कानावर आलं की मला बरं वाटतं. गुळाच्या ढेपेला नख लावून बघणं, हरभऱ्याची डाळ दाताखाली फोडणं, एका दुकानातला शेंगदाणा तोंडात टाकून त्याची चव जिभेवर असतानाच दुसऱ्या दुकानात शिरणं, हे उद्योग मी लग्नाआधीपासून करत आले आहे. आमचे हे, म्हणजे चन्नवीर घुगरे, माझ्याबरोबर बाजारात यायचं टाळतात. "तू नारळसुद्धा मुलाखत घेऊन आणतेस," असं त्यांचं म्हणणं.

पुण्याच्या एका कंपनीनं 'पारखी' नावाचं यंत्र काढलं आणि प्रत्येक तालुक्याला एक केंद्रचालक हवा अशी जाहिरात दिली, तेव्हा ती जागा त्यांनी माझ्यासाठीच ठेवली असणार याची मला खात्री होती. रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेत पडून होती. अर्ज केला आणि नेमणूक झाली. चन्नवीर म्हणाले, "आता पगार घेऊन नखं लाव."

पारखी दिसायला मामुली होता. मसाल्याच्या डब्याएवढा ठोकळा, वर एक वाटी. वाटीत मूठभर धान्य टाकायचं. खालून त्यावर एक प्रकाश पडायचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा. पाणी, स्टार्च, चरबी, प्रथिनं या प्रत्येकाचे रेणू त्या प्रकाशातला आपापला ठरावीक हिस्सा शोषून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. परत आलेल्या प्रकाशात कुठे किती खड्डा पडला, त्यावरून डाळीत ओल किती, तेल खवट झालंय का, हळदीत भलतं काही मिसळलंय का, हे क्षणात कळायचं. प्रयोगशाळेत हेच करायला पूर्वी आठवडा जायचा.

मालाचे गुण असे निघायचे. भाव तर पारखीला कळायचाच. तिसरे गुण वागणुकीचे. ठोकळ्याला कान होते. दुकानदार गिऱ्हाइकाशी कसा बोलतो हे तो ऐकायचा, आवाज लगेच पुसून टाकायचा, आणि ज्या शब्दामुळे गुण कापले तेवढा शब्द नोंदवून ठेवायचा. तिन्ही मिळून दुकानाचा क्रमांक लागायचा. तो गावातल्या कुणालाही फोनवर नाहीतर चष्म्याच्या काचेवर दिसायचा. तूर डाळ म्हटलं की अख्ख्या गावातली दुकानं वरपासून खालपर्यंत डोळ्यांपुढे ओळीनं उभी.

मला सांगायला अभिमान वाटतो, की सहा महिन्यांत आमच्या गावातून भेसळ गेली. रंगवलेली हळद गेली, खोट्या मापांचे घोळ गेले. जी माणसं कधी माझ्यासारखी चार दुकानं हिंडू शकली नसती, त्यांनाही चांगला माल रास्त भावात मिळायला लागला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी पारखीच्या नावानं बोटं मोडायला लागेल.

घोळ झाला तो आमच्याच घराच्या खाली. खालच्या मजल्यावर पुढे 'घुगरे किराणा', मागे धाकट्या दिरांचं घर. दीर महांतेश, त्यांची बायको वनश्री. दोघं मिळून दुकान बघतात. महांतेशभाऊजींना बोलायला फार लागतं. गावात कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून माहेराहून परतली, सगळी खबर आधी त्यांच्या गल्ल्यावर येते. पारखी त्यांच्या दुकानात मीच बसवला, भाऊजींनी कौतुकानं त्याला हळदकुंकू लावलं, वनश्रीनं पेढा दिला.

आणि पहिल्याच क्रमवारीत घुगरे किराणा गावात शेवटून पहिलं आलं.

भाव बरे होते. पण तांदळाला गुण कमी, आणि वागणुकीला तर इतके कमी, की मी ठोकळा बिघडला म्हणून बदलला. नव्या ठोकळ्यानंही तेच दाखवलं. पहिला नंबर बाजारपेठेतल्या मगदूमांचा. मगदूम हा कमी बोलणारा माणूस. मागाल ते देतो, पैसे घेतो, मान हलवतो. वागणुकीला शंभरापैकी शंभर.

"वहिनी, मी कुणाला कधी वाकडं बोललोय काय?" भाऊजींनी विचारलं.

"नाही हो."

"मग ह्यो ठोकळा काय म्हणतोय?"

केंद्रचालकानं नात्यातल्या दुकानाच्या गुणांत लक्ष घालायचं नाही असा कंपनीचा नियम होता, आणि मी तो नियम पुढे करून मोकळी झाले. गिऱ्हाईक पांगायला लागलं. चष्म्याच्या काचेवर सगळ्यांत खाली असलेल्या दुकानाची पायरी कोण चढणार? जुनी माणसं यायची तीही गप्पा मारायला. वनश्री आधी माझ्याशी मोजकं बोलायला लागली. पूर्वी ती जिन्यातून "अक्का, चहा टाकलाय!" अशी हाक मारायची, ती हाक बंद झाली.

मार्गशीर्षात माझ्या लेकीचा, मुग्धाचा साखरपुडा ठरला. जेवणात मसालेभात. आता तांदूळ कुठून आणायचा? गावाला पहिला क्रमांक दाखवायचा आणि स्वतः शेवटच्या दुकानातून घ्यायचा, हे मला पटेना. मी मगदूमांकडे पहिल्या प्रतीच्या घनसाळ तांदळाची ऑर्डर दिली. माझी कल्पना होती की त्यांचा माणूस पोती मागच्या दारानं आणून टाकेल. त्यानं टेम्पो आणून लावला तो नेमका घुगरे किराणाच्या पायरीला. महांतेशभाऊजी गल्ल्यावर बसलेले, वनश्री शेंगदाणे पाखडत उभी, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मगदूमांची पोती त्यांच्याच घराचा जिना चढली. मी वरून बघत होते. खाली जाऊन काहीतरी बोलावं असं वाटलं, पण मी पोती ठेवायची जागा दाखवायला आत वळले.

त्या दिवसापासून वनश्री माझ्याशी बोलायची पूर्ण थांबली.

साखरपुड्याला दोघं आली, कामालाही लागली. वनश्रीनं माझ्याकडे न बघता पानं वाढली. आणि मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण निघालं तेव्हा आत भात नव्हता, गोळा होता. वास सुंदर, चव चांगली, पण वाढपी डावानं कापून वाढत होता. व्याही सज्जन माणूस. "छान मऊ झालाय," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तांदूळ नवा होता, महिन्याभरापूर्वी झोडपलेला. नव्या तांदळाचा भात चिकट होतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण पारखी आल्यापासून पोत्यांवर नवा-जुना लिहायचंच दुकानदारांनी सोडलं होतं, पोत्यावर नुसते गुण असायचे, आणि मीही पोत्यात हात घालायचं सोडलं होतं. नख लावणारी मी, आकडा बघून मोकळी होत होते. राग आला तो मला माझाच आला.

सगळे जेवून गेल्यावर महांतेशभाऊजी खुर्च्या रचता रचता माझ्याजवळ आले. त्यांच्या तोंडावर चेष्टा होती, पण कडवट नव्हती.

"वहिनी, तांदूळ देताना मगदूमानं इचारलं न्हाई, कशाला पायजे म्हणून?"

"तो कुणाला काही विचारत नाही. म्हणून तर त्याला शंभर गुण आहेत."

मी हे फणकाऱ्यानं बोलले, आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌कन वाजलं.

"भाऊजी, तुम्ही विचारता?"

"मी सगळ्यांस्नी इचारतो. कशाला पायजे? तेवढीच जरा खबर कळती." ते हसले. "मला चौकशीची खोड हाय, तुमाला म्हाईत हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियम मोडला. घुगरे किराणाच्या ठोकळ्यातली, गुण कापल्याची नोंद उघडली. तिथे शिवी नव्हती, उद्धटपणा नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द होता. कशाला. कशाला. कशाला. आणि प्रत्येकापुढे यंत्राचा शेरा: 'ग्राहकाला परावृत्त केले.'

मी कपाळाला हात लावला. आपण मराठी माणसं 'कशाला'चे काय काय अर्थ करतो! एवढं सगळं कशाला आणलंत? आता चहा कशाला? त्याला कशाला सांगतेस? दहातल्या नऊ वेळा 'कशाला' म्हणजे नकोच. पारखी हेच मराठी ऐकून शिकला होता. एक माणूस गल्ल्यावर बसून विचारतोय, तांदूळ कशाला पाहिजे? यंत्राला वाटलं, हा दुकानदार गिऱ्हाइकाला हाकलतोय. तांदूळ हवाच कशाला, जा घरी!

मी एकटीच हसत सुटले, आणि मग हसू थांबलं, कारण मालाच्या गुणांचं कोडंही मला त्याच शब्दात दिसायला लागलं. भाऊजींचा तांदूळ जुना होता. त्याला कमी गुण का?

मी दोन्ही तांदूळ घेऊन ओट्यापाशी उभी राहिले, उरलेला नवा आणि भाऊजींकडून आणलेला जुना, आणि सबंध दुपार भात शिजवला. तांदूळ पोत्यात पडून असला तरी आतून बदलत असतो. त्याच्या स्टार्चच्या कणांभोवतीचं प्रथिनांचं वेष्टन हळूहळू घट्ट होतं. असा दाणा पाणी जास्त पितो, फुलतो, पण फुटत नाही, म्हणून भात मोकळा होतो. त्याच वेळी दाण्यातल्या चरबीचा थोडा भाग मोडून त्याची आम्लं होतात. पारखीच्या प्रकाशाला ही आम्लं दिसतात, आणि आम्लं दिसली की तो म्हणतो, शिळं. गुण काप. प्रकाश खोटं बोलत नव्हता. आम्लं होतीच. पण त्याच जुन्या तांदळाचा मसालेभात माझ्या पातेल्यात दाणा न् दाणा सुटा उभा होता, आणि त्याचीच खीर केली तर दूध एकीकडे, तांदूळ एकीकडे. खिरीला मगदूमांचा नवा तांदूळ अव्वल. मग चांगला तांदूळ कुठला? कशाला पाहिजे ते सांगितल्याशिवाय याचं उत्तरच देता येत नाही. भाऊजी हा प्रश्न चांभारचौकशीसाठी विचारत होते, पण प्रश्न बरोबर होता, आणि आमचं यंत्र नेमका तोच विचारण्याबद्दल त्यांना शिक्षा करत होतं.

संध्याकाळी वनश्री जिन्याखाली कुणाशी तरी बोलताना ऐकू आली. पार्सल ठेवायला जागा शोधणारी एक कंपनी दुकान आणि मागचं घर भाड्यानं मागत होती. संक्रांतीनंतर करार. भाऊजी तयार झाले होते. दुकान बंद झालं तर हा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार? आणि हे दोघं एकदा दुकान सोडून दुसरीकडे राहायला गेले, तर वनश्री माझ्याशी परत कधी बोलेल असं मला वाटेना.

पारखीच्या कंपनीत माझा वरिष्ठ निनाद नावाचा मुलगा होता, पुण्याचाच. पडद्यावर त्याला सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला.

"मॅडम, आमच्या घरी कुणी 'कशाला' म्हटलं तर खरंच नको असतं हो!"

"तुमच्या घरी दुकान नाही."

"दुरुस्त करता येईल. पण हे दुकान कुणाचं आहे?"

इथे मी थांबले. आडनाव सारखं होतं, पण घुगरे गावात पुष्कळ. सांगितलं नसतं तर चाललं असतं.

"माझ्या दिरांचं. आणि त्यांची नोंद मी उघडून बघितली."

निनादचा चेहरा पडला. "हे तुम्ही लेखी दिलंत, तर तुमच्याकडचं केंद्र काढून घेतील."

"द्यायला तर हवंच. नाहीतर लोक म्हणतील, दिराचं दुकान वर आणायला वहिनीनं यंत्र फिरवलं. मग पारखीवर कोण विश्वास ठेवेल? आणि हे बघ, मला त्यांचे गुण वाढवून नकोत. पारखीनं प्रत्येकाला आधी विचारायला हवं. कशासाठी पाहिजे? मग गुण द्यायचे."

"म्हणजे एका दुकानाला एक क्रमांक राहणार नाही. लोकांना पहिला नंबर बघायची सवय झालीय."

"नको राहू दे. खिरीला पहिला वेगळा, भाताला वेगळा."

"आणि लोकांनी नाही सांगितलं तर?"

"तर सांगितलं नाही म्हणून अडवायचं नाही. आणि सांगितलेलं साठवायचं नाही, आवाजासारखं पुसून टाकायचं. कुणाच्या घरी काय शिजतंय ते पुण्याला कळायचं कारण नाही."

मी लेखी दिलं. माझं केंद्र काढून घेतलं. निपाणीच्या केंद्रावरच्या एका बाईंना मी सुचवलेल्या बदलाची आमच्या गावात चाचणी करायला पाठवलं. त्या माझ्याकडे चहालाही आल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. मी खाली जाऊन भाऊजींना फक्त एवढं म्हटलं, "करारावर महिनाभर सही करू नका." ते म्हणाले, "तुमची नोकरी गेली म्हणं?" मी म्हटलं, "हो." वनश्री आत होती. तिनं ऐकलं असावं. ती बाहेर आली नाही.

चाचणी सुरू झाली आणि गावात धमाल उडाली. गल्ल्यावरचा ठोकळा एकदम बोलायला लागला: "कशासाठी पाहिजे? नाही सांगितलं तरी चालेल." एक आजी त्याच्यावरच खेकसली, "तुला रं काय करायचंय? मी कायबी शिजवीन!" एकीनं तांदूळ "सासूला" असं उत्तर दिलं, आणि पारखीनं तिला पचायला हलका असा जुना तांदूळ सुचवला. ती तोंड वाकडं करून घेऊन गेली, आणि आठवड्यानं पुन्हा तोच न्यायला आली. हळूहळू लोक सांगायला लागले. आंबोळीला. बाळंतिणीला. डब्याला, पोरं गार भात खातात. प्रत्येक उत्तराला दुकानांची ओळ बदलायची. मसालेभात म्हटलं की घुगरे किराणा सगळ्यांत वर. खीर म्हटलं की मगदूम. पोह्यांना तर स्टँडजवळच्या एका टपरीएवढ्या दुकानाचा पहिला नंबर लागला, जिथे मी जन्मात कधी गेले नव्हते. गोडेतेलात भाऊजी शेवटचे होते ते शेवटचेच राहिले. त्यांचं तेल खरंच बरं नाही, हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं. मग त्यांनी तेलाचे डबे देणारा बदलला.

वागणुकीच्या गुणांतली चूकही दुरुस्त झाली. 'कशाला'च्या पुढे 'पाहिजे', 'हवंय', 'लागतंय' आलं, तर तो प्रश्न धरायचा. भाऊजींना एकदम नव्वद. उरलेले दहा फार वेळ बोलतात म्हणून कापले, आणि याबाबतीत मी पारखीच्या बाजूची आहे.

पार्सलवाले टेप घेऊन शटर मोजायला आले, त्या दिवशी पायरीवर गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यांना आत शिरायला जागा मिळेना. भाऊजी गल्ल्यावरूनच ओरडले, "आता जमायचं न्हाई बघा, दुकान रिकामं न्हाई!" मी वर गॅलरीत होते. मला इतका आनंद झाला, की डोळे पुसत आत गेले आणि चन्नवीरांना उगीचच चहा करून दिला.

पण वनश्री अजून बोलत नव्हती. दुकान वाचलं होतं, माझं केंद्र गेलं होतं, तरी जिन्यात समोरासमोर आलो की ती भिंतीकडे सरकायची. टेम्पोतली ती पोती तिच्या डोळ्यांपुढून हलत नसणार. तिच्या जागी मी असते तर माझ्याही हलली नसती.

एका रविवारी मुग्धाचे सासरचे अचानक येतो म्हणाले. खीर करायची ठरली. घरात तांदूळ नव्हता. मगदूमांचं नावही मला नको होतं, म्हणून मी पिशवी घेऊन सरळ खाली गेले. भाऊजी नव्हते. गल्ल्यावर वनश्री. मी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली.

"किलोभर तांदूळ," मी म्हटलं. ठोकळ्यानं विचारलं. मी ठोकळ्यालाच सांगितलं, "खिरीला. व्याही येतायत."

वनश्रीचा हात पोत्याकडे गेला होता. तो थांबला. तिनं ठोकळ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे, मग किती दिवसांनी माझ्याकडे.

"आमचा नका नेऊ," ती म्हणाली. "ह्याची खीर मिळून येत न्हाई. मगदूमाकडं जावा."

"वनश्री, मी तुमच्याकडचाच नेणार. फुटली खीर तर फुटू दे."

"व्याह्यांम्होरं परत गोळा न्हाईतर पाणी वाढणार काय?" तिला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. मागची माणसं बघत होती. "जावा म्हणतो न्हवं मी. आणि अक्का, येताना माझ्यासाठीबी किलोभर आणा. मी पण खीर करतो, दोघींची मिळून वाढू."

मी मोठी पिशवी आणायला परत जिना चढले.